दर्शनी विटेचा रंग ठरवायला जाण्याआधी

बडोद्यातल्या भायलीच्या आपल्या नव्या सोसायटीत बाहेरच्या भिंती गिलाव्याविना, उघड्या विटेच्या राहणार आहेत. रविवारी बिल्डर नमुने दाखवील, त्याआधी एवढं करून या.

शनिवारी महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या कला शाखेची इमारत बघा, वास्तुकार चिशोल्मने बांधलेलं जुनं बडोदा कॉलेज. सकाळी अकराला एकदा आणि ऊन उतरताना पुन्हा. तोच रंग दोनदा वेगळा दिसतो आणि शंभराहून जास्त पावसाळे खाल्लेली वीट कशी दिसते तेही कळतं.

ऑफिसातल्या टेबलावरची एकच वीट पाहून हो म्हणू नका. शितावरून भाताची परीक्षा इथे चालत नाही: मातीतल्या लोहामुळे वीट लाल होते, चुना जास्त असला की पिवळट, आणि भट्टीत हवा कमी पडली की काळसर, त्यामुळे एकाच भट्टीत छटा बदलतात. वेगवेगळ्या ट्रकांतल्या विटा मिसळून एक मीटर लांब, एक मीटर उंच भिंत उभी करायला सांगा. पन्नास विटांचं काम आहे. एक वीट फोडून घ्या. आतही तोच रंग असेल तर तो बहुधा मातीचा, नाहीतर वरून चढवलेला असू शकतो.

दर्जांचा, म्हणजे विटांमधल्या मसाल्याच्या फटींचा, रंग तर विचाराच. १९० बाय ९० मिलिमीटरची वीट आणि १० मिलिमीटरची दर्ज धरली, तर भिंतीचा साधारण सातवा हिस्सा दर्जांचाच असतो. पांढऱ्या सिमेंटात तीच वीट फिकी आणि चौकटीचौकटीची वाटते, तांबूस मसाल्यात सगळी भिंत एकजीव दिसते. मला तांबूसच आवडतो.

दोन विटा घरी आणा. एक कोरडी तोलून चोवीस तास पाण्यात बुडवा आणि पुन्हा तोला. वजन पाचव्या हिश्शाहून जास्त वाढलं तर ती वीट नको. दुसरी परातीत बोटभर पाण्यात उभी करा. पाणी आटल्यावर पांढरा लोणा, म्हणजे क्षारांचा थर, फुटला, तर गडद रंगावर तो पहिल्याच पावसाळ्यानंतर डोळ्यांत भरेल.

पश्चिमेच्या भिंतीसाठी फिकी छटा मागा. मे महिन्यातलं बडोद्याचं ऊन गडद वीट जास्त पिते, आणि रात्री आतल्या खोलीला ते सोसावं लागतं.

पसंत पडलेली नमुना-भिंत काम संपेपर्यंत पाडायची नाही आणि दुरुस्तीसाठी त्याच मालाच्या दोनशे विटा सोसायटीकडे द्यायच्या, हे करारात लिहून घ्या.