खेळाडू आणि मालकाची मुलगी: ही प्रेमकथा लिहिताना या चुका टाळा

नागपुरात आमच्या कथावाचनाच्या बैठकीत दर दोन-तीन महिन्यांनी कोणीतरी ही गोष्ट घेऊन येतंच. संघातला गुणी खेळाडू, मालकाची मुलगी आणि बापाचा नकार. मला ही गोष्ट मनापासून आवडते, म्हणूनच तिची तीच ती नासाडी पाहवत नाही.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे रणजी संघाला मालक देणं. विदर्भाचा संघ क्रिकेट असोसिएशनचा. तिथं पदाधिकारी असतात, निवड समिती असते, मालक नसतो. मालक भेटतो फ्रँचायझी लीगमध्ये: आयपीएलमध्ये 2008 पासून, प्रो कबड्डीत 2014 पासून.

मागे एका मुलीनं दीडशे पानं लिहून आणली होती. हीरो रणजीपटू, नायिका ‘विदर्भ संघाच्या मालकाची’ लेक. चौथ्या प्रकरणात बाप चिडतो, हीरोला रातोरात हाकलतो आणि तो दुसऱ्याच दिवशी मुंबईकडून शतक ठोकतो. मी विचारलं, “बाई, हा संघ तुझ्या मालकानं विकत घेतला कोणाकडून?”

“काकू, वाचकांना एवढं कुठं कळून राहिलं?”

मला राग आला, आणि मी तो लपवला नाही. जामठ्याच्या स्टेडियमवर उन्हात बसून पाच-पाच दिवस मॅच पाहणारी माणसं या गावात आहेत. राज्य बदलायला आधीच्या असोसिएशनचं ना-हरकत पत्र लागतं, हे त्यांना माहीत असतं. लीगमध्येही मालकानं चुटकी वाजवली आणि खेळाडू दुसरीकडे गेला असं होत नाही. करार असतो, सोडण्याच्या आणि अदलाबदलीच्या मुदती ठरलेल्या असतात. आणि खरं सांगते, या नियमांतच तुमची गोष्ट दडलेली आहे. बापाच्या आरडाओरड्यात ती नाही.

मी त्या मुलीला लिलावाचा प्रसंग लिहायला लावला. टेबलाशी बाप, शेजारी मुलगी, तिच्या पुढ्यात पेन्सिलीनं खाडाखोड केलेला कागद: पर्समध्ये, म्हणजे संघाला लिलावात खर्चायला मिळणाऱ्या रकमेत, किती उरले, किती जागा भरायच्यात. हीरोचं नाव पुकारलं जातं, बेस प्राइसला, म्हणजे किमान किमतीला. हॉलमध्ये कोणीच बोलीचं पॅडल उचलत नाही. बाप तिच्याकडे पाहतो, कारण हिशेब तिच्याकडे आहे. ती ‘घ्या’ म्हणाली तर उद्यापासून तो तिच्या घरच्या पैशावर खेळणार, आणि मग त्याच्या ‘हो’ला किती अर्थ उरतो? ‘नको’ म्हणाली तर कदाचित वर्ष कोरडं जाईल त्याचं. पेन्सिलीचं टोक कागदावर टेकलेलंच राहतं. तिनं हे लिहून आणलं तेव्हा बैठकीत कोणी चहाचा कप उचलला नाही.

माझी सवय सांगते. अशी कथा सुरू करण्याआधी मी एका कागदावर लिहून काढते: करार किती वर्षांचा, पैसे किती, कोणाच्या सहीनं मिळतात. तो कागद होईपर्यंत पहिलं वाक्य लिहीत नाही. ‘खेळाचं नंतर टाकू’ म्हणणाऱ्यांचं नंतर कधीच टाकून होत नाही.

दुसरी चूक मोबाइलची. हीरो पॅड बांधून बसलाय आणि ड्रेसिंग रूममधून तिला मेसेज करतोय. मोठ्या सामन्यांत खेळाडूंचे फोन आधीच जमा होतात, भ्रष्टाचारविरोधी नियमांमुळे. त्याच नियमांत संघाची आतली माहिती बाहेर जाण्यावरही नजर असते. म्हणजे रात्री तो तिला सहज म्हणाला की खांदा दुखतोय, उद्या बसेन, आणि ते तिच्या मावसभावाच्या कानावर गेलं, तर सट्ट्याचा संशय दोघांवर. खरी मनाई ही आहे. श्रीमंत-गरीब एवढंच घेऊन दोनशे पानं ओढू नका.

गुडघ्याचं लिगामेंट तुटलेला हीरो पंधरा दिवसांत मैदानात आणू नका. शस्त्रक्रियेनंतर सहा-नऊ महिने तरी लागतात. फुटाळा तलावावर संध्याकाळी चोरून भेटवू नका, तिथं अर्धं नागपूर असतं. मे महिन्यात दुपारी दोनला तर कुठंच नको. जामठा वर्धा रोडवर शहराबाहेर आहे, नायिका धरमपेठेतून पाच मिनिटांत पोचत नाही. हीरो काटोलचा असेल तर त्याच्या तोंडी पुण्याची भाषा नको. त्याच्या घरी कोथिंबिरीला सांबारच म्हणतात. पण वाक्यागणिक ‘बे’ही नको, पहिल्या भेटीत मालकाच्या मुलीला कोणी तसं बोलत नाही.

आणि शेवटच्या चेंडूवर षटकार मारून बापाचं मन जिंकणं आता थांबवा. 2025 ची रणजी फायनल आठवा, जामठ्याचीच. तिसऱ्या दिवशी केरळचा कर्णधार सचिन बेबी 98 वर बाद झाला, त्यांचा पहिला डाव 342 वर आटोपला. विदर्भाच्या 379 होत्या. सामना अनिर्णित राहिला आणि पहिल्या डावातल्या त्या 37 धावांच्या आघाडीवर विदर्भानं तिसऱ्यांदा करंडक जिंकला. शेवटचे दोन दिवस विदर्भाला फक्त खेळत राहायचं होतं.

असे दोन दिवस तुमच्या कथेला द्या. हीरो विदर्भाकडून खेळतोय, बाप-लेक स्टँडमध्ये शेजारी बसलेत. इथं बाप कोणाचाच मालक नाही, तिकडं फलंदाजी करणारा पोरगा त्याच्या पगारावर नाही. पहिला दिवस दोघं बोलत नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी बाप पाण्याची बाटली तिच्याकडे सरकवतो आणि विचारतो, “याच्या घरी कोण कोण असतं?”