लक्सरच्या व्हॅली ऑफ द किंग्जमध्ये आधी शेवटचं टोक गाठा

इजिप्तमधल्या या प्राचीन राजांच्या थडग्यांच्या दरीत बसवाले ग्रुप आठच्या सुमारास येतात आणि मग गेटजवळच्या थडग्यांत एवढी रांग लागते की भिंतीवरची चित्रं सोडून पुढच्याची पाठच बघत बसावं लागतं.

आम्ही काय केलं, सांगते.

१. गेट सकाळी ६ ला उघडतं, तेव्हाच पोचायचं. आदल्या रात्री नाईलच्या पश्चिम काठावर राहिलात तर सोपं पडतं.

२. साध्या तिकिटात तीनच थडगी बघता येतात, म्हणून ती आधीच ठरवून जा. तूतनखामेन, सेती पहिला आणि रामसेस सहावा यांची तिकिटं वेगळी, तीही गेटवरच घ्यायची, आत गेल्यावर आठवलं तर परत मागे चालत या.

३. आत शिरल्यावर जवळची सोडा, सरळ शेवटी जा. तिथे तिसऱ्या थुटमोसचं थडगं आहे (उघडं असेल तर), आधी लोखंडी जिना चढायचा मग आत खोल उतरायचं, उन्हं चढल्यावर हे जमत नाही, पण खाली कागदावर काड्यांची माणसं काढावीत तशी चित्रं आहेत, आम्ही दहा मिनिटं दोघंच होतो तिथे! मग परत येता येता बाकीची दोन.

तिकीट खिडकीवर बहुतेक कार्डच चालतं, रोख घेत नाहीत, त्यामुळे परदेशात चालणारं कार्ड सुरू करून न्या. आणि आतला रखवालदार स्वतःहून टॉर्च दाखवायला लागला की समजा बक्षिशी मागणार, तिथेही शब्द हाच, नको असेल तर आधीच नाही म्हणा.