पावसाळ्याआधी सशाच्या गवताची तयारी

मृग लागायच्या आत लोणचं बरणीत आणि सशाचं गवत गोणीत गेलेलं असावं, हा आमच्या घरचा नेम आहे. एकदा पावसाने जोर धरला की चांगलं वाळलेलं गवत मिळत नाही, मिळालंच तर हाताला गार लागणारं, आतून ओलसर. आणि सशाचा गवतावाचून एक दिवसही निभाव लागत नाही. त्याचे दात जन्मभर वाढत राहतात, पुढचेही आणि दाढाही. तासन् तास गवत चावूनच ते झिजतात. आतडं चालू राहतं तेही त्या चोथ्यामुळेच. गाजर आणि कोबीवर ससा पोसणारी घरं मी पाहिली आहेत. माया भरपूर असते, पण पोट बिघडतं ते बिघडतंच.

आधी किती लागेल याचा अंदाज घ्या. स्वयंपाकघरातल्या काट्यावर आठवडाभर रोज घातलेलं गवत मोजलं की पुरे. आमचा भुऱ्या 2 किलोचा आहे. त्याला सांडलेलं, तुडवलेलं धरून दिवसाला 100 ग्रॅमच्या आसपास लागतं, म्हणजे महिन्याला 3 किलो. जून ते सप्टेंबर 12 किलो झालं. परतीचा पाऊस लांबला तर हाताशी असावं म्हणून मी वर 3 किलो भरते.

कोणतं घ्यायचं? बाहेरून येणारं टिमोथी उत्तमच, पण महाग. त्याची दोनच बंद पाकिटं अडीअडचणीला ठेवते. रोजच्यासाठी गिन्नी गवत, मारवेल किंवा दाणा भरायच्या आधी कापून वाळवलेला ओट चालतो. लसूणघास मात्र गवत समजून भरू नका. त्यात कॅल्शियम फार. ससा खाल्लेलं कॅल्शियम जवळपास सगळं शोषून घेतो आणि जास्तीचं लघवीवाटे टाकतो. मग लघवी पांढरट, चुना कालवलेल्या पाण्यासारखी गढूळ दिसायला लागते. 6 महिन्यांच्या आतल्या पिलांना तो चालतो, मोठ्यांना चिमूटभर, कधीतरी. भाताचा पेंढा अंथरायला ठेवा, पोट भरायला नको.

विकत घेतलेलं गवत तसंच गोणीत कोंबू नका. निवडणं हे या तयारीतलं सगळ्यात मोठं काम आहे आणि त्याला एक अख्खी दुपार द्यावी. दोन वर्षांपूर्वी मी ती दिली नव्हती. भुऱ्या गवतापाशी यायचा, हुंगायचा आणि मागे फिरायचा. हनुवटी सारखी ओली. डॉक्टरांनी टॉर्च लावून ओठ उलटवला तर आत कुसळ रुतलेलं, काळपट, पीळ पडलेलं, भोवती सूज. माळावरच्या गवतात कुसळी असतेच, ते भारा घेताना मला सुचायला हवं होतं. आता जुन्या चादरीवर गवत पसरते, मूठ मूठ उचलून झटकते आणि बोटांना टोचेल ते बाजूला काढते. तोंडाला रुमाल बांधते, कारण धूळ आपल्यालाही बाधते. गाजर गवताच्या काड्या दिसल्या तर तेवढ्या निवडत न बसता तो भाराच परत करते. चांगल्या गवताला गोडसर वास येतो आणि रंगात थोडा हिरवेपणा राहिलेला असतो. कुबट वास किंवा करडी पूड दिसली की भाव करत बसू नका, घेऊच नका.

निवडलेलं गवत तासभर उन्हात, मग पंख्याखाली पूर्ण गार होईपर्यंत ठेवायचं. गरम असतानाच भरलं तर आत वाफ धरते. भरायला गोणपाट किंवा उशीचे जुने अभ्रे उत्तम. गाठ मारलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल अडकते. एका अभ्र्यात एका आठवड्याचं, म्हणजे रोज सगळा साठा उघडावा लागत नाही. गोण्या फळीवर, भिंतीपासून वीतभर दूर ठेवायच्या. बाल्कनीत नाही, कपाटात डांबराच्या गोळ्यांशेजारी तर मुळीच नाही. मुंग्या मारायचा खडूही आसपास ओढू नका.

जुनं गवत संपायच्या आत नवं मिसळायला लागा. आठ-दहा दिवसांत हळूहळू बदल झाला की पोट कुरकुरत नाही. ससा खाता खाताच लेंड्या टाकतो, म्हणून गवत त्याच्या शौचाच्या ट्रेला लागूनच असू द्या.

लेंड्या रोज बघायच्या. गोल, कोरड्या, बोटांनी चुरल्यावर आत गवताचा भुसा दिसणाऱ्या असल्या म्हणजे सगळं ठीक. बारीक व्हायला लागल्या की गवत कमी पडतंय किंवा दात दुखतोय. सशांचं कळणाऱ्या डॉक्टरांचा नंबर मे महिन्यातच शोधून फ्रिजवर चिकटवा, कारण बऱ्याच दवाखान्यांत फक्त कुत्रीमांजरंच पाहतात. दहा-बारा तास खाणं किंवा लेंड्या बंद असल्या तर सकाळची वाट पाहू नका, भर पावसात निघा. त्यासाठी न्यायची टोपली आणि तिच्यावर टाकायला मेणकापड दाराशीच असू द्या.

पोळ्याच्या सुमाराला तळातली गोणी आधी उघडून नाक लावून पाहा. तिथे कुबट वास आला तर त्यातलं चांगलं निवडायचा मोह धरू नका, अख्खी गोणी टाकून द्या. टिमोथीची दोन बंद पाकिटं त्या दिवसासाठीच ठेवलेली असतात.