महासागरी शर्यतीच्या बोटीवर या चुका टाळा

चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये वल्ही मारायला उतरला, तेव्हापासून नाशिककरांना पाण्यातलं काय कळतं, असं कोणी म्हणू नये. हौशी खलाशांना घेणाऱ्या महासागरी शर्यतींची चौकशी करत इथली मुलं येतात तेव्हा मला फार आनंद होतो. पण तयारी काय केली विचारलं की सगळे व्यायामशाळेचंच सांगतात. खवळलेल्या समुद्रात माणसाला खचवतात ते ओले कपडे, पोटात न टिकणारं पाणी आणि तुटक झोप.

बोट लागल्यावर गोळी घेणं ही पहिली चूक. उलट्या सुरू झाल्या की गोळी पोटात राहतच नाही. डॉक्टरांना विचारून ती निघण्याआधीच सुरू करा, आणि कोणत्या गोळीने गुंगी येते ते घरी तपासा. कसारा घाटात गाडी लागत नाही, एवढ्यावर विसंबू नका. मळमळलं की वर येऊन क्षितिजाकडे बघा; सुकाणू हातात मिळालं तर उत्तमच. नाहीतर बंकवर, म्हणजे बोटीतल्या झोपायच्या फळीवर, डोळे मिटून आडवे व्हा. खाली वाकून पिशवीत काहीतरी शोधत बसणं सगळ्यात वाईट. खिशात आलेपाक असू द्या, पाण्याचे छोटे घोट चालू ठेवा. लघवी गडद झाली तर कप्तानाला लगेच सांगा.

आता ओलीचं. चार तास काम, चार तास विश्रांती अशी पाळी असली की दमलेला माणूस ओल्या कपड्यांतच आडवा होतो. अनेक बोटींवर दोघांत एकच बंक असतो, त्यामुळे तुमची ओल पुढच्याच्या अंगाखाली जाते. शिवाय मीठ हवेतला दमटपणा ओढतं, कातडी सुकतच नाही आणि बुडाला फोड येतात. अंग गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसा, कोरडं करा, मगच झोपा. एक कोरडा जोड फक्त झोपण्यासाठी हवाबंद पिशवीत ठेवा. पाळीवर जाताना पुन्हा ते गार, ओले कपडे चढवणं जिवावर येतं, तरी तो जोड वर नेऊ नका. आणि फोड आले तर लाजून लपवू नका. आपली माणसं लपवतात, मग बसताही येत नाही.

तुम्हाला बोटीशी बांधून ठेवणाऱ्या सुरक्षा दोरीचा हुक हॅचमधून, म्हणजे डेकवर जायच्या झडपेतून, बाहेर पडण्याआधी अडकवा, आत शिरल्यावरच काढा. हुक कशात आडवा अडकत नाही ना, हेही बघा. २०१७ मध्ये एका जगप्रदक्षिणेच्या शर्यतीत डेकवरच्या खुंटीखाली अडकलेला हुक आडव्या ताणाने वाकून उघडला आणि एका खलाशाचा जीव गेला.

स्वयंपाकाची शेगडी बोटीबरोबर झुलते, तरी उकळतं पाणी उडतंच. रेनकोटची पँट आणि बूट घालूनच चहा करा, आणि कप हातात धरून भरू नका. घरून चिवड्याचा मोठा डबाही नको, उघडला की सादळतो. बेदाणे न्या. शौचालयात पुरुषांनीही बसूनच.

झोपताना खाली पडू नये म्हणून बंकच्या कडेचं कापड ताणून बांधा आणि पाय बोटीच्या नाळेकडे, म्हणजे पुढच्या टोकाकडे, ठेवा. बोट लाटेवर आपटली तर धक्का पायांवर येईल. हेलकाव्यांत कपडे चढवायला वीस मिनिटं सहज जातात. तेवढं आधी उठवायला सांगून ठेवा, कारण तुम्ही येईपर्यंत वर कोणीतरी भिजत उभं असतं.