डीबग करताना ६५५३१ दिसला तर आधी तो हेक्समध्ये बघा

तासगावात द्राक्षाच्या एका कोल्ड स्टोरेजला आमचं टेम्परेचर युनिट बसवलंय, त्याचा सी कोड आम्ही कुपवाड एमआयडीसीत बसून लिहितो. ऐन सीझनला डिस्प्लेवर ६५५३.१ डिग्री आलं आणि मालकांचा फोन, सेन्सर उडाला काय म्हणून. आत माल भरलेला, त्यांचा जीव टांगणीला. मी आधी वायरिंग तपासत बसलो, त्यात अर्धा दिवस गेला, आणि खरं काम डीबगरमध्ये (चालता प्रोग्रॅम थांबवून आतले आकडे दाखवणारं साधन) दोन मिनिटांचं होतं.

ब्रेकपॉइंटवर (कोड थांबवायला खूण केलेल्या ओळीवर) थांबवून जीडीबी या डीबगरमध्ये पी टेम्प दिलं, म्हणजे टेम्प या व्हेरिएबलमधला आकडा दाखव, तर ६५५३१. यावरून काय कळणार? मग हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पायात, बघायला पी/एक्स टेम्प दिलं (टाइप अर्थात इंग्रजी छोट्या अक्षरातच करायचं) तर आलं ०एक्स एफएफएफबी. पुढं अशी एफची रांग दिसली की पहिला संशय हाच घ्यायचा की आकडा निगेटिव्ह आहे आणि आपला कोड त्याला अनसाइन्ड (उणे चिन्ह नसलेला) समजून वाचतोय. खात्रीसाठी पी नंतर कंसात शॉर्ट (सोळा बिटांचा साइन्ड टाइप) लिहून पुढं टेम्प दिलं, लगेच -५ आलं. सेन्सर दहापट करून पाठवतो, म्हणजे उणे अर्धा डिग्री, द्राक्षाला एकदम बरोबर! व्हेरिएबलचा टाइप साइन्ड केला आणि विषय संपला.

बायनरीसाठी बी नाही, टी. आमचं अलार्म रजिस्टर १८ दाखवायचं, त्याला पी/टी दिलं की १००१०. उजवीकडून शून्यापासून मोजा, बिट १ आणि बिट ४ चालू, आमच्याकडं म्हणजे दार उघडं आणि कंप्रेसर ट्रिप. डावीकडून मोजू नका, कारण पी/टी पुढची शून्यं दाखवतच नाही. हेक्समध्ये पुढची शून्यं पाहिजे असतील तर एक्सऐवजी झेड द्या. आणि स्टेप मारताना दर वेळी टाइप करायचा कंटाळा येतो, तर एकदाच डिस्प्ले/एक्स टेम्प देऊन ठेवा, प्रोग्रॅम थांबेल तिथं आपोआप दिसतं.

बाइट उलटे आलेत असं वाटलं तर एक्स/२एक्सबी &टेम्प द्या, मेमरीतले दोन बाइट सुटे दिसतात. लिटल एंडियन मशीनवर (छोटा बाइट आधी ठेवणाऱ्या) आधी एफबी मग एफएफ दिसणार, ते बरोबरच आहे, पण मॉडबसवर (यंत्रांनी एकमेकांना डेटा पाठवायची पद्धत) मोठा बाइट आधी येतो, त्यामुळं नवीन पोरं इथं हमखास गोंधळतात.

व्हिज्युअल स्टुडिओत सी प्लस प्लस असेल तर वॉच विंडोत नावापुढं स्वल्पविराम आणि एक्स, बायनरीला बी. व्हीएस कोडमध्ये जीडीबी जोडलेला असेल तर डीबग कन्सोलमध्ये -एक्झेक लिहून पुढं हीच पी/एक्स कमांड चालते.

पायथॉनमध्ये मात्र जपून, हेक्स फंक्शनला -५ दिलं तर ते सरळ -०एक्स५ देतं, एफ दिसतच नाहीत, म्हणून आधी ६५५३५ बरोबर & (बिटवाइज अँड, म्हणजे खालचे सोळा बिटच ठेवणं) करून घ्या, मग एफएफएफबी येतं.