प्रोजेक्टर, नोट 6(ई) आणि मी लिहिलेली दोन पानं

कस्टम्स ब्रोकरच्या ऑफिसातलं माझं दुसरं वर्ष. एच कार्ड, म्हणजे ब्रोकरच्या वतीने कस्टम्समध्ये काम करायचं ओळखपत्र, नुकतंच हातात आलेलं. समोर एक प्रोजेक्टर: आत प्रोसेसर, अँड्रॉइड, वायफाय, ब्लूटूथ, दोन स्पीकर आणि स्वतःचं स्टोरेज. पुरवठादाराच्या इनव्हॉइसवर 8471 हा टॅरिफ कोड लिहिलेला होता; मालावर किती शुल्क लागणार ते या कोडवरून ठरतं. मी बिल ऑफ एन्ट्रीत (बीई, कस्टम्सकडे भरायचा आयातीचा कागद) 8471 41 टाकलं, म्हणजे चक्क संगणक. कस्टम्सच्या तपासणी ग्रुपमधून क्वेरी आली तेव्हा मी रात्री बसून दोन पानी उत्तर लिहिलं. जीआयआर, म्हणजे कोड ठरवायचे सर्वसाधारण नियम, त्यातला 3(बी); एसेन्शियल कॅरेक्टर, म्हणजे वस्तूला तिचं मूळ रूप देणारा घटक; प्रोसेसर काढला तर मशीन निकामी, म्हणून हा संगणकच. त्या उत्तराचा मला अभिमान वाटत होता.

अधिकाऱ्यांनी त्यावर वाद घातलाच नाही. त्यांनी फक्त टॅरिफच्या चॅप्टर 84 ची नोट 6(ई) दाखवली. माझी दोन पानं तिथेच संपली. माल तोवर पडून राहिला, कंटेनरचं भाडं रोज चढत गेलं, शेवटी आयातदाराने फरकाचं शुल्क भरलं आणि त्याचा फोन मला घ्यावा लागला. आजही कुणी ट्रेनी पहिल्याच वाक्यात ‘3(बी) प्रमाणे’ असं म्हणाला की माझ्या पोटात गोळा येतो.

जीआयआरचे सहा नियम तुम्ही परीक्षेसाठी पाठ केलेले असणार, ते पुन्हा सांगत नाही. सांगायचं आहे ते एवढंच: बहुउपयोगी इलेक्ट्रॉनिक मालात 3(बी) पर्यंत जायची वेळ जवळपास येतच नाही. मी तिथे गेले, कारण तो नियम वाचायला सोपा आहे आणि वस्तूकडे बघून लगेच काहीतरी सुचतं. जीआयआर 1 मात्र सांगतो की वर्गीकरण हेडिंगच्या (चार अंकी कोडच्या) शब्दांवरून आणि सेक्शन व चॅप्टरच्या नोट्सवरून ठरतं. पुढचे नियम लागतात तेही हेडिंग किंवा नोट काही वेगळं सांगत नसेल तरच. चॅप्टर 84 आणि 85 मध्ये नोट्स वेगळं सांगतातच.

हे दोन्ही चॅप्टर ज्यात येतात त्या सेक्शन 16 ची नोट 3 घ्या. दोन किंवा अधिक पूरक अथवा पर्यायी कामं करण्यासाठी बनवलेलं यंत्र, संदर्भावरून काही वेगळं निघत नसेल तर, मुख्य काम करणाऱ्या यंत्रासारखं धरायचं. इथे शब्द प्रिन्सिपल फंक्शन आहे, एसेन्शियल कॅरेक्टर नाही. मी हे दोन्ही एकच समजत होते. एसेन्शियल कॅरेक्टरमध्ये घटकाचं स्वरूप, आकारमान, किंमत, वजन हे सगळं तोलता येतं. प्रिन्सिपल फंक्शनमध्ये प्रश्न एकच उरतो: हे यंत्र मुळात कुठलं काम करण्यासाठी बनवलंय? प्रोसेसर कितीही महाग असला तरी ग्राहकाला भिंतीवर चित्रच हवं असतं. आणि मुख्य काम ठरवताच येत नसेल तर? जागतिक सीमाशुल्क संघटनेच्या एक्स्प्लनेटरी नोट्स तुम्हाला थेट 3(सी) कडे पाठवतात, म्हणजे आकड्यांच्या क्रमात शेवटी येणाऱ्या हेडिंगकडे. 3(बी) मधल्या मधे गळून पडतो. हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर त्या आयातदाराचे पैसे वाचले असते.

आता नोट 6. टॅरिफच्या 2022 च्या आवृत्तीत ती चॅप्टर 84 ची नोट 6 आहे, जुन्या पुस्तकांत आणि निकालांत ती नोट 5 म्हणून सापडेल. 6(ए) संगणकाची व्याख्या देते, आणि त्यातली ‘वापरकर्त्याच्या गरजेप्रमाणे मुक्तपणे प्रोग्रॅम करता येणं’ ही अट बहुतेक ‘स्मार्ट’ वस्तू पुरी करत नाहीत. चार अ‍ॅप टाकता आले म्हणून ही अट पुरी होते, असं गृहीत धरू नका. 6(डी) प्रिंटर, नेटवर्कची उपकरणं, स्पीकर, कॅमेरे, मॉनिटर आणि प्रोजेक्टर वेगळे आले तर त्यांना 8471 मधून बाहेर काढते. आणि 6(ई): ज्या यंत्रात संगणक बसवलेला आहे पण जे डेटा प्रोसेसिंगखेरीज दुसरं विशिष्ट काम करतं, ते त्या कामाच्या हेडिंगमध्ये जातं. माझा प्रोजेक्टर शब्दाशब्दाने तिथे बसत होता. मी ती नोट वाचलीच नव्हती. 8471 च्या हेडिंगचे शब्द वाचले आणि थांबले.

घाबरून जाऊ नका. दोन-चार महिने रोज नोट्स उघडल्या की कुठे काय आहे ते हाताला कळतं, आणि काही वस्तूंचं काम तर टॅरिफनेच सोपं केलंय. प्रिंट, कॉपी आणि फॅक्स यांपैकी दोन किंवा अधिक कामं करणारं आणि संगणकाला किंवा नेटवर्कला जोडता येणारं यंत्र असेल तर 8443 31 त्याचंच नाव घेऊन बसलंय, मुख्य काम शोधायची गरज नाही. स्मार्टफोनला 2022 पासून 8517 13 आहे आणि चॅप्टर 85 ची नोट 5 त्याची व्याख्या देते. कॅमेरा आणि दिशादर्शन असलं तरी तो फोनच राहतो, हे तिथे स्पष्ट लिहिलंय.

मात्र इथे आणखी एक खड्डा आहे. 8443 31 आलं 2007 मध्ये. त्याआधी हीच मशिन्स 8471 60 मध्ये की दुसऱ्या कुठल्या हेडिंगमध्ये, यावर वर्षानुवर्षं वाद चालले. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये 8471 60 च्या बाजूने निकाल दिला, पण तो जुन्या टॅरिफवरचा होता. तो निकाल आजच्या मालाच्या उत्तरात तसाच चिकटवलेला मी पाहिलाय. निकाल उघडलात की आधी बघा, माल कुठल्या वर्षीचा.

शॉर्टकटबद्दल माझं मत कडक आहे. पुरवठादाराचा कोड म्हणजे त्याच्या देशातल्या कुणीतरी केलेलं काम. पहिले सहा अंक जगभर एकच असतात हे खरं, पण ते बरोबर निवडलेत याची हमी कोण देणार? वस्तूचं नाव टाकलं की कोड देणाऱ्या वेबसाइट्स नोट्स वाचत नाहीत. सगळ्यात वाईट म्हणजे ‘जुनं बीई बघ आणि तेच टाक’. माझे पहिले वरिष्ठ हेच सांगायचे, माणूस प्रेमळ होता. पण जुनं बीई सुटलं याचा अर्थ ते तपासलं गेलं असा होत नाही. 2011 पासून आपल्याकडे स्वयंनिर्धारण आहे, कोडची जबाबदारी भरणाऱ्यावर आहे. मागून तपास झाला तर सीमाशुल्क कायद्याच्या कलम 28 खाली दोन वर्षांपर्यंत नोटीस येऊ शकते, आणि जाणूनबुजून चुकीचं सांगितलं असं ठरलं तर पाच वर्षांपर्यंत. मला शिकवलं ते नंतर भेटलेल्या एका बाईंनी. त्या कधीच कोड सांगायच्या नाहीत. ‘नोट वाचलीस? मग मोठ्याने वाचून दाखव,’ एवढंच म्हणायच्या. असा माणूस मिळाला तर पगार थोडा कमी असला तरी तिथेच राहा.

8471 मध्ये घुसवायचा मोह का होतो, हेही ओळखून असा. माहिती तंत्रज्ञान करारामुळे तिथे मूळ सीमाशुल्क शून्य आहे. इंटरॅक्टिव्ह पॅनेलचंच बघा. टच, अँड्रॉइड आणि आत संगणक बसवायची खाच असलेले मोठे पडदे 8471 41 मध्ये की मॉनिटरच्या 8528 59 मध्ये, यावर खूप भांडणं झाली. 2025 च्या अर्थसंकल्पात या पॅनेलवरचं मूळ शुल्क 10 टक्क्यांवरून 20 टक्के केलं. आकड्यात एवढा फरक असतो तेव्हा आयातदार तुमच्यावर दबाव आणणार. त्या वेळी त्याला सरळ सांगा की आगाऊ निर्णयाचा, म्हणजे माल येण्याआधीच कोड ठरवून घेण्याचा, अर्ज कर. मुंबई आणि दिल्लीला त्याची प्राधिकरणं आहेत आणि तो निर्णय तीन वर्षं चालतो. माल आधीच आला असेल तर कलम 18 खाली तात्पुरतं निर्धारण मागता येतं. हे मार्ग वापरण्यात कमीपणा नाही.

मुख्य काम शोधायचं कसं? जाहिरातपत्रक बाजूला ठेवा. वापरपुस्तिका मागवा, ब्लॉक डायग्रॅम मागवा, शक्य असेल तर नमुना चालू करा. एकेक काम बंद करून बघा: वायफाय गेलं तरी वस्तू विकली जाईल का? स्पीकर गेला तर? नावाला भुलू नका. मनगटावरच्या स्मार्टवॉचला घड्याळ म्हणतात, पण जागतिक सीमाशुल्क संघटनेच्या समितीने अशी वस्तू संदेशवहन उपकरणांच्या 8517 62 मध्ये ठेवली, कारण ती फोनशी बोलते.

आणि हेडिंग मिळालं की श्वास सोडू नका, कारण सहा अंकांवर पुन्हा तोच प्रश्न येतो. माझ्या प्रोजेक्टरचं हेडिंग 8528 ठरल्यावर 62 की 69 हे उरलंच होतं. 62 साठी दोन्ही अटी हव्यात: संगणकाला थेट जोडता येणं, आणि संगणकासोबत वापरण्यासाठी बनवलेलं असणं. मी एचडीएमआयकडे बोट दाखवत राहिले, त्याने फार तर पहिली अट पुरी होते. वापरपुस्तिका आली ती क्वेरीनंतर, मी मागितल्यावर. पहिल्याच पानावर सोफा, पडदा आणि चित्रपट बघणारं कुटुंब होतं. संगणक आख्ख्या पुस्तिकेत कुठेच नव्हता. आम्ही 69 मान्य केलं.