लॅव्हेंडरचा अर्क : बाटली पारखण्यापासून वापरापर्यंत

लॅव्हेंडर तेलाची बाटली हातात घेतल्यावर आधी वास घेऊ नये, लेबलावरचे शास्त्रीय नाव वाचावे. ‘लव्हॅन्ड्युला अँगुस्टिफोलिया’ हे नाव असेल, तरच ते खरे लॅव्हेंडर. ‘लॅटिफोलिया’ ही भूमध्य सागराकाठचीच दुसरी जात असून या दोहोंच्या संकरातून ‘लॅव्हेंडिन’ तयार झाले. लॅव्हेंडिनचे पीक अधिक तेल देते, म्हणून ते स्वस्त पडते आणि साबणांत व घरगुती सुगंधांत बहुधा तेच असते. लॅटिफोलिया आणि लॅव्हेंडिन या दोन्ही तेलांत कापूर खऱ्या लॅव्हेंडरपेक्षा कित्येक पटींनी जास्त असतो. कापूर पोटात गेल्यास झटके येऊ शकतात, त्यामुळे घरात लहान मूल किंवा अपस्माराचा रुग्ण असेल तर हा फरक फार महत्त्वाचा ठरतो. लेबलावर शास्त्रीय नावच नसेल किंवा नुसते ‘फ्रेग्रन्स ऑइल’ लिहिलेले असेल, तर ती बाटली औषधी उपयोगासाठी घेऊ नये.

यानंतर विक्रेत्याकडे त्या खेपेचा रासायनिक पृथक्करणाचा अहवाल मागावा. युरोपीय औषधकोशानुसार खऱ्या लॅव्हेंडर तेलात सुगंधाचे मुख्य घटक असलेले लिनालूल २० ते ४५ टक्के आणि लिनालिल ॲसिटेट २५ ते ४६ टक्के असावे; कापूर १.२ टक्क्यांपेक्षा आणि नीलगिरीच्या तेलातील मुख्य घटक असलेले सिनिओल २.५ टक्क्यांपेक्षा जास्त नसावे. आकडे या मर्यादांत असूनही भेसळ असू शकते, कारण हे दोन्ही मुख्य घटक कारखान्यात स्वस्तात बनवता येतात. तेथे रेणूची रचना उपयोगी पडते. आपल्या धन्यांच्या तेलातही मुख्य घटक लिनालूलच असतो, पण लॅव्हेंडरमधील लिनालूल आणि धन्यांमधील लिनालूल हे बहुतांशी एकमेकांच्या आरशातील प्रतिमेसारखे असतात. कृत्रिम लिनालूलमध्ये दोन्ही रूपे समसमान मिसळलेली असतात, त्यामुळे प्रयोगशाळेला भेसळ ओळखता येते. ही कसोटी घरी करता येत नाही, पण ती झाली आहे का, असे विचारता नक्कीच येते.

आता कोणता अर्क कशासाठी घ्यायचा, हे ठरवावे; माझ्या मते सर्वांत जास्त गोंधळ येथेच होतो. वाफेच्या ऊर्ध्वपातनाने, म्हणजे फुलांतून वाफ सोडून ती पुन्हा थंड केल्याने, फक्त उडून जाणारी द्रव्ये तेलात उतरतात. हे काम लांबले, तर उष्ण पाण्याच्या सान्निध्यात लिनालिल ॲसिटेटचे विघटन होऊन लिनालूल वाढते आणि सुगंधाचा गोडवा कमी होतो. लॅव्हेंडर हे तुळशीच्या कुळातले झाड आहे आणि या कुळाची ओळख असलेले रोझमॅरिनिक आम्ल, तसेच फ्लॅव्होनॉइडे व टॅनिने ही वनस्पतिद्रव्ये वाफेबरोबर येत नाहीत. ती गरम पाण्यात किंवा अल्कोहोल मिसळलेल्या पाण्यात उतरतात. प्रयोगशाळेत दिसलेला ऑक्सिडीकरणरोधक (अँटिऑक्सिडंट) गुण पुष्कळ अंशी या दुसऱ्या गटाचा आहे. तेव्हा फुलांच्या पाण्यातील अर्कावर झालेल्या प्रयोगाचा दाखला देऊन कोणी तेल विकत असेल, तर तो दाखला त्या तेलाला लागू पडत नाही.

झोपण्यापूर्वी घेण्यासाठी फुलांचा फांट करणे सर्वांत सोपे आहे. खाण्यायोग्य म्हणून विकलेली १ ते २ ग्रॅम वाळलेली फुले घ्यावीत, त्यांवर १५० मिलिलिटर उकळते पाणी ओतून भांडे लगेच झाकावे आणि दहा मिनिटांनी गाळून घ्यावे. फुले काढ्यासारखी उकळू नयेत आणि झाकण उघडे ठेवू नये, कारण लिनालूल वाफेबरोबर निघून जाते. मानसिक ताणाच्या सौम्य लक्षणांसाठी आणि झोपेसाठी असा वापर युरोपीय औषध संस्थेने मान्य केला आहे, मात्र ही मान्यता दीर्घ परंपरेच्या आधारावर दिलेली आहे.

त्वचेवर लावण्यासाठी ३० मिलिलिटर खोबरेल किंवा बदाम तेलात लॅव्हेंडर तेलाचे ६ थेंब घालावेत. हे प्रमाण साधारण १ टक्का होते. आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडे लावून ४८ तास वाट पाहावी. खाज किंवा लाली आल्यास वापरू नये.

पोटात घेण्याच्या तेलाबाबत मात्र स्पष्ट बोलले पाहिजे. जर्मनीत ‘सिलेक्सान’ या प्रमाणित लॅव्हेंडर तेलाच्या ८० मिलिग्रॅमच्या कॅप्सुलांवर रुग्णांमध्ये चाचण्या झाल्या आहेत आणि २०१० च्या एका सहा आठवड्यांच्या चाचणीत चिंताविकारावरील परिणाम लोराझेपाम या औषधाच्या अल्प मात्रेशी तुल्य आढळला. चेतापेशींतील कॅल्शियमचे मार्ग काहीसे आवरले जाऊन अतिउत्तेजना कमी होते, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. हे निष्कर्ष आशादायक आहेत, पण बहुतेक चाचण्यांना उत्पादकाचेच अर्थसाहाय्य होते, हे लक्षात ठेवावे. शिवाय ते ठरावीक मात्रेच्या कॅप्सुलेविषयी आहेत, म्हणून दुकानातील बाटलीतले तेल त्यांच्या भरवशावर कधीही पिऊ नये. झोपेची किंवा चिंतेची औषधे चालू असतील, गर्भारपण असेल किंवा मूल अंगावर पीत असेल, तर कॅप्सूलही डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

बाटली उघडल्याच्या दिवशीच तिच्यावर ती तारीख लिहावी. लिनालूल हवेच्या संपर्कात येऊन त्याची हायड्रोपेरॉक्साइडे बनतात आणि ॲलर्जी ताज्या तेलापेक्षा प्रामुख्याने त्यांच्यामुळे होते. तेल गडद काचेच्या लहान बाटलीत, झाकण घट्ट लावून थंड जागी ठेवावे. आपल्याकडच्या उन्हाळ्यात स्वयंपाकघरातल्या फळीपेक्षा फ्रिज बरा, मात्र बाटली मुलांच्या हाती लागणार नाही अशा उंच कप्प्यात ठेवावी. बाटली उघडून वर्ष झालेले तेल त्वचेसाठी वापरू नये.